ससूनांची सून

'ससून' हे कुणा माणसाचं आडनाव आहे, हे मला वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हतं. आमच्या उंब्रजात ससून ही एक अवस्था होती. माणसाला आधी पडसं होतं, मग ताप येतो, मग त्याला कराडला दाखवतात, मग साताऱ्याला सिव्हिलमध्ये नेतात आणि सगळ्यात शेवटी 'ससूनला' नेतात. एस. टी. स्टँडवर कुणी नुसतं म्हणालं, "त्याला काल ससूनला न्हेला," की ऐकणारा डोक्यावरची टोपी सारखी करून गप्प बसायचा. यात ससूनचा काडीचाही दोष नव्हता. अंगारे, धुपारे, काढे, मांत्रिक, वैदू हे सगळं यथासांग उरकून, पेशंट पुरता पिकवून मगच आम्ही पुण्याची गाडी धरत असू. त्यानंतर जे काय व्हायचं त्याला डॉक्टर तरी काय करणार!

तर १९६२ साली आमच्या आजीच्या पोटात गाठ निघाली आणि तिला ससूनला न्यायचं ठरलं. आजीचं वय तेव्हा पासष्ट. तिनं काही आरडाओरडा केला नाही. गावातल्या मारुतीला जाऊन आली. (समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक आमच्या उंब्रजात आहे. बाकीच्या दहांविषयी आमचं काही म्हणणं नाही.) कृष्णा-तारळीच्या संगमावर हातपाय धुऊन आली. मग सगळ्यांना माजघरात बोलावून तिनं वाटणी केली. नथ थोरल्या सुनेला, पाटल्या धाकटीला, पितळी हंडा लेकीला. मला एक चांदीचा रुपया मिळाला. "आता ससूनला न्हेताय म्हंजे मला माघारी काय आणताय," असं म्हणून तिनं एस. टी.च्या खिडकीतून सगळ्या गावाचा निरोप घेतला.

तीन आठवड्यांनी आजी खडखडीत बरी होऊन परत आली आणि दुसऱ्याच दिवशी तिनं सगळे दागिने परत मागितले. नथ काढून देताना थोरल्या काकूंचा झालेला चेहरा मला अजून आठवतो. माझा रुपया मात्र मी आधीच खर्च केला होता, त्यामुळे वाचलो. आजी त्यानंतर सव्वीस वर्षं जगली.

आजी ससूनमध्ये असताना मी पुण्याला चुलत्यांकडे होतो. एका रविवारी त्यांनी मला सायकलच्या दांडीवर बसवून कँपात 'लाल देऊळ' दाखवायला नेलं. देऊळ म्हटल्यावर मी फाटकातच चपला काढल्या. विटांची लालभडक इमारत, आभाळात घुसलेला मनोरा, त्यावर घड्याळ. मी घंटा शोधली, नंदी शोधला, निदान एखादा दीपमाळेचा खांब तरी असेल म्हणून प्रदक्षिणा घातली. काहीच सापडेना, तेव्हा तिथं देखरेख करणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांना विचारलं, "आजोबा, इथला देव कुठाय?"

ते अस्सल मराठीत म्हणाले, "देव आहे बाळ. मूर्ती नाही."

मग त्यांनी आवारातली एक कबर दाखवली. "हे डेव्हिड ससून. तुझी आजी ज्या इस्पितळात आहे ना, त्याला पैसा दिला तो यांनी." तोवर माझ्या हिशेबी ससून हे एखाद्या रोगाचंच नाव होतं. तो माणूस निघाला आणि वर त्याची कबरही निघाली, याचा मला जबर धक्का बसला. म्हाताऱ्यांनी एक गोष्ट आणखी सांगितली. ते स्वतः ज्यू होते, पण 'त्यातले' नव्हते. "हे बगदादी, मोठे लोक. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले. शनवारी घाणा बंद ठेवायचो, म्हणून लोक आम्हाला शनवार तेली म्हणायचे. आमची आडनावं किहीमकर, पेणकर, दिवेकर. यांची आणि आमची सोयरीक होत नाही हो." हे ऐकून मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. एवढ्या दूरच्या धर्मातसुद्धा सोयरीक होत नाही म्हणजे माणसं आपल्यासारखीच असणार.

पुढं नोकरीनिमित्त मुंबईत आलो आणि जिकडं जावं तिकडं हे आडनाव आडवं येऊ लागलं. मासळीसाठी कुलाब्याला जावं तर ससून डॉक. उन्हातून सावलीला थांबावं तर काळ्या घोड्याजवळ डेव्हिड ससून वाचनालय. मी बसायला म्हणून तिथं जाऊ लागलो आणि बसल्या बसल्या वाचू लागलो. माझं इतिहासाचं सगळं ज्ञान असं पंख्याखालच्या खुर्चीतून आलेलं आहे, हे वाचकांनी आधीच ध्यानात घेतलेलं बरं.

डेव्हिड ससून बगदादहून पळून १८३२च्या सुमारास मुंबईत आला. तिथल्या पाशाच्या जाचाला कंटाळला होता. मुंबईत त्यानं पेढी काढली, आठ मुलगे झाले, त्यातला एकेक मुलगा एकेका बंदरावर नेमला आणि पाहता पाहता बगदादपासून शांघायपर्यंत पेढीच्या शाखा उघडल्या. १८५३ साली तो ब्रिटिश प्रजाजन झाला, तेव्हा कागदावर त्यानं सही केली ती हिब्रूत. १८६४ साली पुण्यात वारला. त्याचं लाल देऊळ आणि त्याचं इस्पितळ दोन्ही पुरी झाली १८६७ साली, म्हणजे दोन्ही पाहायला तो नव्हता.

हा झाला मूळ पुरुष. पण वाचता वाचता मला त्या घरात एक बाई सापडली, आणि तेव्हापासून पुरुषांवरचं माझं लक्ष जरा उडालंच.

बाईचं नाव फरहा. जन्म मुंबईत, १८५९ साली. आता हिचं नातं नीट समजून घ्या, कागद-पेन्सिल घेतलीत तर उत्तम. डेव्हिडची लग्नं दोन. पहिल्या बायकोचा थोरला मुलगा अब्दुल्ला. अब्दुल्लाची मुलगी अझीझा. अझीझाची मुलगी आपली फरहा. म्हणजे फरहा ही डेव्हिडच्या नातीची लेक, पणतीच म्हणा. डेव्हिडच्या दुसऱ्या बायकोचा मुलगा सॉलोमन. १८७६ साली या सॉलोमनशी फरहाचं लग्न झालं. नवरा अठरा वर्षांनी मोठा. म्हणजे फरहानं आपल्या आजोबांच्या सावत्र भावाशी लग्न केलं, आपल्या सख्ख्या आईची ती चुलती झाली आणि ज्या पणजोबांची पणती होती त्यांचीच सून झाली! सणावारी कोण कुणाच्या पाया पडत असेल, देव जाणे. त्यात आणखी गंमत म्हणजे सासूबाईंचंही नाव फरहाच. आपल्याकडं असा पेच आला तर तांदळात बोट फिरवून सुनेचं नाव बदलून मोकळे होतात. तिथं तसं नव्हतं. पण पुढं इंग्रजी वारं लागलं, अब्दुल्लाचा 'सर अल्बर्ट' झाला आणि फरहाची 'फ्लोरा' झाली. आपण फरहाच म्हणू.

तर ही फरहा नुसती श्रीमंताची लेक-सून नव्हती. हिब्रू, अरामी, अरबी, हिंदुस्थानी, इंग्रजी, फ्रेंच, जर्मन एवढ्या भाषा तिला येत. धर्मग्रंथ तर असे तोंडपाठ की शास्त्रीमंडळींना तिच्यासमोर बोलताना घाम फुटावा. मला एकच भाषा येते आणि तीतही मुद्रितं तपासणारे चुका काढतात, म्हणून हे जरा सविस्तर सांगितलं.

१८९४ साली सॉलोमन वारला. मुंबईची पेढी तोच पाहत होता. पदरात दोन मुली आणि एक मुलगा, त्यातली धाकटी मुलगी कायमची दुखणाईत. दीर लंडनला. ते तिकडं वेल्सच्या राजपुत्राच्या बैठकीतले, घोड्यांच्या शर्यती आणि मेजवान्या यातून वेळ उरला तर व्यापार पाहणारे. आता चौतीस वर्षांच्या विधवेनं काय करायचं? आपल्याकडं त्याच साली, त्याच वयाच्या बाईला काय करावं लागे, ते मी लिहीत नाही. फरहानं पेढीचा कारभार हातात घेतला. कचेरीत जाऊन बसू लागली. कापूस, गिरण्या, हुंड्या, चीनला जाणारी जहाजं, सगळ्याचा हिशेब तिच्या मेजावर येऊ लागला.

पेढीचा पत्रव्यवहार मोठा मजेदार. भाषा बगदादी अरबी, लिपी हिब्रू. वाटेत कुणी पाकीट फोडलं तरी अरबाला लिपी कळू नये आणि युरोपातल्या ज्यूला भाषा कळू नये. आमच्या आजोबांच्या मोडीतल्या खातेवहीची मला इथं आठवण झाली. ती सावकाराला वाचता येत नसे, आम्हाला येत नाही, आणि शेवटी शेवटी आजोबांनाही येत नव्हती. फरहाची पत्रं मात्र टिकली. जोसेफ ससून नावाचे याच घराण्यातले इतिहासाचे प्राध्यापक आहेत, त्यांनी जेरुसलेममध्ये जपलेली ही दप्तरं वाचून २०२२ साली घराण्याचा मोठा इतिहास छापला. त्यात ही बाई पुन्हा एकदा कचेरीच्या खुर्चीवर येऊन बसली आहे.

आता एक गोष्ट सांगायला हवी, ती न सांगता पुढं गेलो तर अन्नाला जागलो नाही असं होईल. ससूनांच्या पैशात अफू होती. थोडीथोडकी नाही, चांगली जहाजं भरून. माळव्याची अफू मुंबईच्या बंदरातून चीनला जायची आणि त्या धंद्यात ही पेढी आघाडीवर होती. धंदा कायदेशीर होता, मुंबईतली आणखीही बडी घराणी त्यात होती, हे सगळं खरं. पण आजीच्या पोटातली गाठ ज्या दगडी इमारतीत काढली, तिच्या पायात कुणा चिन्याचं घरदार गेलेलं असणार, हेही खरं. मी हे एकदा आजीला सांगून पाहिलं होतं. ती म्हणाली, "आमाला तर पोरगं निजवायला मोहरीएवढी मिळायची. तेबी उसनी." रानात कामाला जाणाऱ्या बाया तान्ह्या पोरांना अफूचा कण चाटवून झोळीत टाकत, त्यातली ती. तिच्याशी नैतिक चर्चा पुढं सरकत नसे.

फरहाच्या कारभाराला दोन वर्षं होतात न होतात तोच १८९६च्या पावसाळ्याअखेर मुंबईत मांडवीला प्लेग निघाला. पुढचं आपण शाळेत शिकलो आहोत. पुण्यात रँडसाहेबाचे सोजीर घराघरात घुसले, जून १८९७मध्ये चापेकरांनी रँडला गोळी घातली. त्याच साली मार्चमध्ये आमच्या सातारा जिल्ह्याची लेक, नायगावची सावित्रीबाई, प्लेगचं पोर पाठीवर घेऊन दवाखाना गाठताना स्वतः त्या रोगात गेली. शाळेत जे शिकवलं नाही ते हाफकिनचं. हाफकिन हा ओडेसाचा ज्यू, पाश्चरच्या संस्थेत तयार झालेला. पटकीची लस त्यानं आधीच काढली होती. मुंबईत एका लहानशा खोलीत बसून त्यानं प्लेगची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिली सुई स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांना टोचली. पण तुरुंगाबाहेरची माणसं काही दंड पुढं करीनात. सरकारनं घरं धुऊन काढली, बिऱ्हाडं उचलली, बायांच्या काखा तपासल्या. त्याच सरकारची सुई कोण घेणार? सुई टोचली की माणूस मरतो, वंश बुडतो, बाटतो. जितकी तोंडं तितक्या अफवा.

तेव्हा फरहानं पदर सावरून, म्हणजे जे काय सावरायचं ते सावरून, आपला दंड पुढं केला. आधी मला टोचा म्हणाली. हिंदू, मुसलमान सगळ्यांना दिसेल असं. ससूनांची सून टोचून घेते आणि दुसऱ्या दिवशी चालती-बोलती आहे, हे पाहिल्यावर मग काही लोक पुढं आले. (आगाखानांनीही आपल्या लोकांसाठी हेच केलं.) लाखांची देणगी देणं या घराण्याला नवं नव्हतं. पण चेकवर सही करायला हात पुढं करणं वेगळं आणि सुईखाली हात धरणं वेगळं. मला स्वतःला सुई दिसली की अजून घेरी येते, त्यामुळे याबाबतीत माझं मत तज्ज्ञाचं समजावं.

हे वाचलं आणि मला आजीची एक गोष्ट आठवली. ती तिनं आयुष्यात दोनदाच सांगितली. सातारा जिल्ह्यात प्लेग पुढं कित्येक वर्षं येत-जात राहिला. आजी सात-आठ वर्षांची असताना त्यांचं गाव उठून रानात झोपड्या घालून राहिलं होतं. तिथं टोचणारा आला. आजीच्या बापानं घाईघाईनं पोरं लपवली. धाकटा भाऊ पाच वर्षांचा, तो कणगीत मावला. आजी मावली नाही. तिचे पाय बाहेर राहिले, टोचणाऱ्यानं पायाला धरून ओढून काढली आणि तिला सुई दिली. बाप दोन दिवस रडला, पोर आता जाणार म्हणून. गेला तो कणगीतला. आठवड्यानं काखेत गाठ आली आणि दोन दिवसांत आटोपलं.

आजी आपल्या जगण्याचं श्रेय मारुतीलाच द्यायची, त्यात वाद नव्हता. पण दोन्ही वेळा ही गोष्ट संपताना ती एक वाक्य बोलली. "पाटलाच्या वाड्यातली एकबी बाई आदी पुढं झाली न्हाई रं. झाली आस्ती तर माझ्या बाला धीर आला आस्ता." मी फरहाची हकिगत वाचली ती १९९१ साली. आजी जाऊन तीन वर्षं झाली होती.

असो. फरहाचं पुढं काय झालं ते सांगतो. प्लेगच्या धामधुमीत पेढी सांभाळणाऱ्या या बाईचं लंडनच्या दिरांना कौतुक वाटायला हवं होतं. पण आपण सगळे कुटुंबवत्सल माणसं आहोत, विधवा भावजयीनं कारभार चांगला केला की दिरांना काय वाटतं ते आपल्याला ठाऊक आहे. १९०१ साली पेढीची रीतसर मर्यादित कंपनी झाली. नवे कागद, नवे नियम, नवे संचालक. या सगळ्या नव्यात बाईंची जुनी खुर्ची तेवढी राहिली नाही. दुखणाईत लेकीला औषधपाणी मिळावं म्हणून ती मुलांना घेऊन लंडनला गेली, असं घराण्याच्या वृत्तान्तात सांगतात. तेही खरंच असेल. आपल्याकडंही 'थोरल्या वहिनी हवापालटाला गेल्या' असं म्हणत.

लंडनला गेली तरी ती बगदादी मुंबईकरीणच राहिली. सोवळं असं कडक, की प्रवासाला निघताना विधिपूर्वक जनावर कापणारा स्वतःचा माणूस बरोबर. शिवाय त्यांच्यात दहा पुरुष जमल्याखेरीज सामुदायिक प्रार्थना होत नाही, म्हणून दहा पुरुषही बरोबर घेऊन ती फिरे असं सांगतात. आमच्याकडं माणसं दिंडीबरोबर जातात. इथं दिंडीच बाईंबरोबर जायची! १९१०मध्ये ती बगदादला गेली, तेव्हा तिथल्या प्रार्थनामंदिरात धर्मग्रंथाची गुंडाळी वाचायचा मान तिला दिला. बाईला हा मान म्हणजे काय, हे कळण्यासाठी आपल्या एखाद्या मठात १९१० साली वेदपठणाला एक बाई बसवून पाहावी. १९२४मध्ये लंडनच्या ज्यूज कॉलेजात, जिथं धर्मगुरू तयार होत तिथं, वार्षिक समारंभाला ती अध्यक्ष होती. तोवर त्या खुर्चीवर एकही बाई बसलेली नव्हती. खुर्चीचं आणि तिचं काही तरी होतं खरं.

मुलगा डेव्हिड आईवर गेला. व्यापार त्याला मानवला नाही, पण जुन्या हिब्रू पोथ्यांचं वेड लागलं. हजारावर पोथ्या जमवून त्यानं १९३२मध्ये त्यांची सूची छापली आणि तिचं नाव ठेवलं 'ओहेल दाविद', म्हणजे दाविदाचा तंबू. पुण्याच्या लाल देवळाचं खरं नावही हेच! त्यानं १९२९ साली घेतलेली एक हजारेक वर्षांपूर्वीची पोथी २०२३ साली लिलावात ३ कोटी ८१ लाख डॉलरला गेली. हे वाचल्यावर मी उंब्रजला जाऊन माळा धुंडाळला. आजोबांची मोडी खातेवही मिळाली. उंदरांनी तिचा लिलाव आधीच केला होता.

फरहा जानेवारी १९३६मध्ये लंडनला वारली, शहात्तराव्या वर्षी. इस्पितळावर, गोदीवर, वाचनालयावर जे नाव आहे ते सासऱ्यांचं किंवा घराण्याचं. हाफकिनचं नाव परळच्या संस्थेला १९२५ साली दिलं गेलं. 'फरहा' असं लिहिलेली एकही पाटी मला पुण्या-मुंबईत फिरताना दिसली नाही, आणि मी पाट्या वाचत हिंडणारा माणूस आहे.

मार्च २०२१मध्ये मी उंब्रजला होतो. साठीपुढच्यांना करोनाची लस द्यायला सुरुवात झाली होती. सरकारी दवाखान्याबाहेर आम्ही पंधरा-वीस म्हातारे मास्क लावून रांगेत उभे होतो, आणि रांग असूनही कुणी पुढं सरकत नव्हतं. "तुम्ही व्हा पुढं," "छे छे, वय तुमचं मोठं," असं एरवी बसमध्ये कधीही न दिसणारं सौजन्य चाललेलं. कुणी म्हणालं, सुई घेतल्यावर कोकणातला एक इसम तिथल्या तिथं गेला. मी ज्ञानी माणूस, हाफकिन वाचलेला, फरहा वाचलेला. मी हळूच रांगेत तीन माणसं मागं जाऊन उभा राहिलो.

तेवढ्यात आमच्या सूनबाई मला शोधत आल्या. त्या शाळेत शिक्षिका. घरोघरच्या पाहणीच्या कामाला लावलं होतं म्हणून त्यांना फेब्रुवारीतच लस मिळाली होती. त्यांनी एकदा रांगेकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं पाहिलं. मग सगळ्यांसमोर दंडावरची बाही वर केली आणि म्हणाल्या, "बाबा, ही बघा. महिना झाला. सकाळी तुमचा चहा मीच केला होता ना?"

रांगेत हशा पिकला. माझ्या पुढचे पाटील तेवढ्यात आत गेले, त्यांच्यामागं आणखी एक गेले. माझी पाळी आली तेव्हा नर्सबाई म्हणाल्या, "आजोबा, तिकडं बघा." मी तिकडं बघितलं. दाराच्या चौकटीत आमच्या सूनबाई माझी पिशवी धरून उभ्या होत्या.